अठरा फुलांचा पंचनामा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

'सदर पट्टा यंत्रनिर्मित वाटतो. अर्ज नामंजूर.' एवढी एक ओळ. खाली सही, सहीखाली गोल शिक्का. वाटतो म्हणे! वाटायला ती काय आमटी आहे, चाखली आणि मीठ कमी वाटलं? तुम्ही पट्टा उलटा करून पाहिला नाहीत. विणणाऱ्या पोरीला समोर बोलावलं नाहीत. तिची बोटं पाहिली नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हाला वाटलं, आणि माण तालुक्याच्या माळावरच्या एका पोरीचे दोन वर्षांचे हात तुम्ही एका ओळीत मशीनचे करून टाकलेत.

म्हणून ही गोष्ट तुम्हाला ऐकावी लागेल. घाबरू नका. प्रेमाची आहे.

पोरीचं नाव प्रांजल. म्हसवडच्या पुढं, जिथं झाडापेक्षा दगड जास्त, तिथली वस्ती. धनगराचं घर. वडील अर्जुनातात्या, त्यांची साठ मेंढरं, आणि घराच्या पडवीत टेबलावर मावेल एवढा एक माग. गावात कुठल्याशा शिबिरात बारा बायकांना असे माग देऊन विणायला शिकवलं होतं. अकराजणींनी ते माळ्यावर टाकले. एकीच्या मागावर सध्या कांदे वाळतात. प्रांजलनं मात्र तो माग असा धरला की आई म्हणायची, "ही बया एक दिस जेवायच्या ताटातबी धोटा फेकंल."

त्या मागाचा जीव म्हणजे त्याची फणी. दिसायला कंगव्यासारखी, फक्त दोन्हीकडून बंद. तिच्यात एक फट, एक भोक, पुन्हा फट, पुन्हा भोक, अशी रांग. भोकातला धागा फणीबरोबर वर-खाली होतो. फटीतला जागच्या जागी राहतो. दोघांच्या मधे वाट उघडते आणि त्या वाटेनं आडवा धागा घेऊन धोटा पळतो. मधले मोजके पिवळे धागे काडीनं उचलत गेलं, की काळ्या लोकरीवर फूल उमलतं. प्रांजल तरवडाचं फूल काढायची. पाऊस नसला तरी माळावर फुलतं ते, पिवळंधमक, पाच पाकळ्यांचं.

तिच्या फुलाची एक पाकळी मात्र कायम डावीकडं कललेली. फणीचं एक भोकच तिरकं होतं, दुसरं काय! प्रांजल त्या पाकळीवर दात-ओठ खायची.

मग एके दिवशी कोकरानं पडवीत उडी मारली आणि फणीचे दोन तुकडे झाले.

म्हसवडच्या सुतारानं हात जोडले. "एवढं बारीक आमच्यानं न्हाई व्हायचं." कुपवाडला तिची आत्या, सुलाबाई. ती फोनवर म्हणाली, "ये इकडं. हितं एमआयडीसीत एक पोरगा हाय, केसावानी बारीक कापतो म्हनं."

तर पोरगी एसटीत बसली. आटपाडी, विटा, तासगाव... मांडीवर ओढणीत गुंडाळलेली मोडकी फणी. कुपवाडच्या त्या शेडमधे शिरली तेव्हा तापलेल्या तेलाचा वास, मशीनची घरघर, आणि डोळ्यांवर जाड चष्मा लावलेला एक उंच पोरगा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती स्वच्छ गोल, बाकी तोंड काळं.

प्रांजलला हसू आलं. तिनं ते गिळलं.

"कंगवा व्हय?" तो म्हणाला.

"फणी हाय."

"तेच की. केस विंचरायची."

"व्हय. मेंढराचं."

त्यानं एकदा फणीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. पोरीच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मग तोच हसला, आणि काळ्या तोंडात ते दात असे काही चमकले की... जाऊ द्या. प्रांजल मान फिरवून मशीन बघू लागली.

"नायलॉनची करून देतो. लाकडापेक्षा भारी. कवा पायजे?"

"आत्ता."

"आत्ता माझी जेवायची वेळ."

तिनं घड्याळाकडं पाहिलं. "साडेपाचला? म्हाताऱ्यावानी?"

"आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवत्यात. जैन हाय मी. श्रेणिक." त्यानं हात पुसून डबा उघडला.

"आनि कामात ऱ्हायलं तर?"

"ऱ्हायलं तर ऱ्हायलं. मग पाणीबी सकाळीच. आईला शब्द दिलाय." डब्यात दशमी होती, दुधात मळलेली, मऊ, आणि शेंगदाण्याची चटणी. त्यानं अर्धी दशमी मोडून तिच्यापुढं धरली. "घ्या. लांबनं आलाय. लसूण न्हाई हं चटणीत."

"बिनलसणाची चटणी?" तिनं घास तोंडात टाकला. "...म्हंजे बिनवरातीचं लगीन."

आणि तरी अर्धी दशमी संपवली तिनं. पुरावा म्हणून लिहून ठेवा साहेब, पुढं लागेल.

दोन दिवसांनी फणी आत्याच्या घरी आली. प्रांजलनं कागद सोडला, आणि तशीच उठून चालत शेडवर गेली.

"भोकं कुठं हायती?"

"कसली भोकं?"

"हितं सगळ्या फटीच हायती!"

श्रेणिकची छाती फुगली. "मग! तुमच्या जुन्या फणीत निम्म्या फटी बुजल्या होत्या. नुसतं बारीक भोक ऱ्हायलं होतं. सगळ्या मोकळ्या करून दिल्या. वरनं केलंय, फुकट."

प्रांजल तिथल्याच लोखंडी स्टुलावर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेडमधले बाकीचे कामगार मशीन बंद करून बघायला लागले. श्रेणिकचे कान लाल झाले, काळ्या तोंडावरसुद्धा दिसतील इतके.

मग तिनं ओढणीचे दोन धागे ओढले. जुन्या तुकड्यात एक भोकात घातला, एक फटीत. "धरा ही टोकं. आता फणी वर करते. बगा. ह्यो वर गेला, ह्यो हाय तितंच. मधी वाट पडली का न्हाई?"

"पडली की."

"सगळ्याच फटी केल्या तर सगळेच थांबनार. वाट कुठनं उघडंल?"

"आणि सगळीच भोकं केली तर?"

"सगळेच एकदम उठतील. तरीबी न्हाई. एकानं हलायचं, एकानं थांबायचं."

श्रेणिक धागे धरून तसाच वाकलेला. त्याचं बोट तिच्या बोटाला लागत होतं. त्याला माहीत होतं. तिला माहीत होतं. धाग्यांना काय कळतंय...

"मग तुमी कोण?" तो हळूच म्हणाला. "हलणाऱ्या, का थांबणाऱ्या?"

"म्हसवडहून दीडशे दगडं मोजत एसटीनं आलेली मी हाय," ती उठत म्हणाली. "तुमीच सांगा कोन हलतंय ते."

तिसऱ्या दिवशीची फणी मात्र अशी झाली की बोट फिरवलं तर रेशमासारखं लागावं. भोकाशेजारी फट, फटीशेजारी भोक, सगळी एका रांगेत. म्हसवडला पोचल्या पोचल्या तिनं उभ्या धाग्यांचा ताणा लावला, आणि संध्याकाळपर्यंत पहिलं फूल उमटलं. पाची पाकळ्या सरळ! तिनं फोटो पाठवला. उत्तर आलं, "आता केस नीट विंचरलेत मेंढरानं."

मग रोज फोन. "फणी कशी हाय?"

"बरी हाय. सर्दी न्हाई, खोकला न्हाई."

"आणि फणीवाली?"

"तिला जरा..." ती थांबायची. "...काम हाय. ठेवते."

ठेवायची मात्र नाही.

आता तात्यांचं ऐका. तात्या वाईट माणूस नव्हे, पण त्यांच्या मागं पावणे लागले होते. विट्याकडचं स्थळ आलेलं. मुलाचं गलाईचं दुकान, सोनं गाळायचं, तेही पार आसामात. तात्या म्हणाले, "पोरी, धा जन इचारत्यात, पोरगी दिसभर काय करती. मी काय सांगू, दोरं उचलती? तू सरकारचा कागद आन. कारागीर म्हून नाव लागू दे तुजं. मग मी पावण्याला हात जोडतो, आनि तू बस तुज्या मागावर. न्हाईतर दिवाळीनंतर सुपारी."

आसामात काय माग नेता येत नव्हता? येत होता. पण पावण्यांनी आधीच विचारलं होतं, "ते लाकडाचं खटलं आणनार न्हाई ना संगं?"

म्हणून तिनं अर्ज केला, साहेब. सोबत आपला सगळ्यात चांगला पट्टा जोडला. सरळ पाकळ्यांचा. आणि तुम्हाला वाटलं.

तिनं तो कागद वाचला आणि पहिला फोन कुपवाडला लावला.

"तुमच्या फणीनं केलं ह्ये! माझी पाकळी वाकडी व्हती तवा ती माझी व्हती. तुमी आला, सगळं सरळ केलं, माझा हात पुसून टाकला! मशीनची म्हनं मी. मशीनची!"

तिनं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वस्तीवर मोटारसायकल थांबली. कुत्री भुंकली, मेंढरं बिथरली. श्रेणिक, पहाटे कुपवाडहून निघालेला, भुवयांवर धुळीचा थर. हातात बारीक कानस.

"द्या फणी," तो म्हणाला. "एक भोक तिरकं करतो. पहिल्यासारखं. पाकळी कलली की साहेबाला पटंल."

प्रांजलनं फणी दिली नाही.

"खोटी चूक करू व्हय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त घाबरला. "त्याला माझा हात दिसावा म्हनून मी वाईट इनू? आता सरळ येतंय तर सरळच दाखवीन. त्याच्या दारात बसून. त्याच्या डोळ्यापुढं."

"कवा?"

"उद्या. फेरअर्जाचा उद्याच शेवटचा दिस हाय."

"मी येतो."

"कशाला?"

"फणी माझी हाय. आजारी पडली तर?"

तात्या पडवीतून हे सगळं ऐकत होते. तंबाखू मळायची थांबली होती.

साताऱ्याला ती एसटीनं गेली आणि तो मोटारसायकलनं. एका गाडीवर बसले असते तर त्यांच्या आधी बातमी म्हसवडला पोचली असती. सकाळी अकराला दोघं तुमच्या कार्यालयाच्या दारात. दारावर पहारेकरी, तानाजी.

"हे काय?"

"माग."

"यंत्र आत न्यायचं नाही."

बघा साहेब, तुमच्या दारातच तुमचा माणूस! प्रांजलनं वाद घातला नाही. चौकट बाहेर ठेवली, ताणा फणीसकट काढून खांद्यावर घेतला आणि व्हरांड्यात आली. फरशीवर बसली. एक टोक आपल्या कमरेला बांधलं. दुसरं टोक समोरच्या खांबाला बांधायला श्रेणिक वाकला, तोच तानाजी ओरडला, "ओ! सरकारी खांब आहे तो. त्याला काय बांधायचं नाही."

"मग खिडकीला?"

"सरकारी आहे."

"बाकाला?"

"बाक काय तुमच्या मामाचा?"

श्रेणिकनं इकडं तिकडं पाहिलं. मग तिच्या समोर, पाच हातांवर, फरशीवर मांडी घातली.

"मला बांधा," तो म्हणाला. "मी सरकारी न्हाई."

व्हरांड्यात वीसएक माणसं आपापली कागदं घेऊन ताटकळत होती. सगळी हसली. प्रांजलनं दोरी त्याच्या कमरेभोवती घेतली. गाठ मारताना तिची मान खाली होती, आणि त्याचा श्वास तिच्या भांगावर लागत होता. "हलायचं न्हाई," ती पुटपुटली. "ताण गेला की फूल गेलं."

"मी थांबणारा," तो म्हणाला. "ठरलं तर मग."

साडेअकराला तिनं पहिला धागा उचलला. शिपायानं आत निरोप दिला. आतून उत्तर आलं, साहेब मीटिंगमधे आहेत.

पहिलं फूल वीस मिनिटांत. मग दुसरं. चार बोटांचं एकेक फूल. आणि या कामाची एक खुबी ऐका. जेवढं विणून होतं तेवढं कमरेला गुंडाळायचं, आणि तेवढंच पुढं सरकायचं. म्हणजे प्रत्येक फुलागणिक ती त्याच्याकडं चार बोटं सरकत होती. सगळ्या व्हरांड्यादेखत. सरकारी फरशीवरून.

"लय लांब बसलाय वो," सातव्या फुलाला एक म्हातारी ओरडली. "दोन फुलं एकदम काढ की गं पोरी!"

"आवं आजी, गप बसा, मोजनी चुकंल," प्रांजल म्हणाली. तिचे कान तरवडासारखे पिवळे नव्हते, एवढं सांगतो.

दुपार झाली. लोकांनी भाकऱ्या सोडल्या. श्रेणिकला कुणी केळं दिलं, त्यानं मानेनंच नको म्हटलं. हात हलला तर कंबर हलणार. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, तीही त्यानं बसू दिली.

"माशीबी सरकारी हाय का?" ती धाग्यावरची नजर न काढता म्हणाली.

"हसवू नका. ताण जाईल."

बाराव्या फुलाला ती तीन हातांवर आली. पंधराव्याला त्याच्या पापण्यांवरची धूळ तिला दिसायला लागली. बाहेर अजिंक्यताऱ्यामागं ऊन उतरत होतं. अठरावं फूल पुरं करून तिनं मान वर केली तेव्हा दोघांत दोन हातांचं अंतर होतं, आणि व्हरांड्याच्या कडेला उन्हाची शेवटची पट्टी.

तिला एकदम आठवलं.

"डबा कुठाय तुमचा?"

"पिशवीत. ऱ्हाऊ द्या."

"दिस बुडतोय."

"बुडू द्या. साहेब यायचे हायत. मी उठलो तर ताणा सैल..."

"म्हंजे उद्यापतूर पाणीबी न्हाई?"

"एका दिवसानं काय होतंय? तुमी फूल बघा."

प्रांजलनं फूल बघितलं नाही. पिशवी ओढली, डबा उघडला. दशमी मोडली, चटणी लावली, आणि कंबर जागची न हलवता, ताण तसाच ठेवून, हात लांब केला. हात बरोबर पोचला. अठरा फुलांनी तेवढीच वाट केली होती.

सातव्या फुलाची म्हातारी उठून बघू लागली.

"घे," ती म्हणाली. तुमी नाही. घ्या नाही. "खा आता. लसूण न्हाई तरी खा."

त्यानं घास घेतला. चावायचंच विसरला.

"प्रांजल..."

"बोलू नको. आधी गीळ. दिस बुडतोय."

तो तिच्या हातानं जेवला, शेवटच्या उन्हात, आणि शेवटी पाण्याचा एक घोट. मग दिवस बुडाला. आणि आतून शिपाई आला. साहेब मागच्या दारानं गेले म्हणाला. पाच वाजताच.

पोरीचे डोळे भरले. तेव्हा कोपऱ्यातून एक आवाज उठला, कडक. "रोना नहीं!" हरिबा सुभेदार. फौजेतून सुटलेले, पेन्शनच्या कागदासाठी सहावी खेप. "साहेब गेला तर गेला. आपण काय आंधळे आहोत? कागद आणा रे. पंचनामा करू."

आणि केला. साहेब, तो तुमच्याकडं आहे. वाचला नसेल, म्हणून मीच वाचतो. 'आम्ही खाली सह्या करणार असे लिहून देतो की, सदर मुलीने सकाळी साडेअकरा ते सायंकाळपर्यंत आमच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने अठरा फुले विणली. कोणतेही यंत्र नव्हते. पलीकडील टोकास श्रेणिक नावाचा इसम बांधलेला होता, तो जागचा हलला नाही. सूर्यास्तापूर्वी सदर मुलीने सदर इसमास स्वहस्ते दशमी भरवली. इसमाने ती आनंदाने खाल्ली.' खाली तेवीस सह्या, त्यातली एक माझी. त्यात चार अंगठे. आणि शेवटची सही पहारेकरी तानाजीची.

"दशमीचं कशाला लिवलं?" प्रांजल कळवळली.

"पंचनाम्यात जे घडलं ते सब लिहायचं असतं, बेटी," सुभेदार म्हणाले. "गाळलं तर खोटा ठरतो."

एक प्रत दुसऱ्या सकाळी फेरअर्जासोबत तुमच्या कार्यालयात दिली, पट्ट्यासकट. शेवटचा दिवस उलटला म्हणून कारकून कुरकुरला, पण तानाजीनंच त्याच्या हातात शिक्का ठेवला. दुसरी प्रत तात्यांपुढं.

तात्यांना वाचायला वेळ लागतो. एका ठिकाणी बोट थांबलं. थांबूनच राहिलं.

"ही दशमीची काय भानगड हाय?"

पोरगी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. दाराबाहेर श्रेणिक, मोटारसायकलला टेकून, पंक्चर झाल्यासारखा.

"तात्या... घडलं ते लिवलंय."

तात्यांनी कागद पुन्हा वाचला. सह्या मोजल्या. "कागद आन म्हनलो व्हतो. साहेबाची एक सही मागितली व्हती मी. तू तेवीस आनल्या." मग बाहेर बघून आवाज दिला, "ए जैनाच्या! दिसभर हलला न्हाईस म्हनं?"

"न्हाई, तात्या."

"माशी बसली तरी?"

"...ते न्हाई लिवलं पंचनाम्यात."

"पोरीनं सांगितलं." तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. "आमच्या मेंढरांत एकबी एवढं थांबत न्हाई. ये आत. अजून दिस हाय, जेवून घे."

त्याच्या आईनं, गुणमालाकाकूंनी, आठ दिवस अबोला धरला. आपल्यातली नाही, धनगराची, लोक काय म्हणतील. नवव्या दिवशी त्यांनी पंचनामा मागून घेतला आणि एकच ओळ तीनदा वाचली. सूर्यास्तापूर्वी. "मी सोबत नसताना माझ्या पोराचा नेम हिनं राखला," एवढंच म्हणाल्या, आणि दशमीचं पीठ मळायला उठल्या.

लग्न माघात आहे, म्हसवडला. पंगत दिवसाउजेडी. अंतरपाटाला तशीच किनार, तरवडाच्या फुलांची, पाची पाकळ्या सरळ. माग कुपवाडला जाणार, शेडच्या वरच्या खोलीत, खिडकीपाशी. आत्या म्हणते, पोरगा रोज साडेपाचला वर जाऊन ताणा बांधायला खिडकीचा गज घट्ट आहे का बघतो. आता खांब म्हणून उभं राहायची गरज नाही, तरी बघतो.

म्हणजे सगळं झालं साहेब, तुमच्यावाचून झालं. राहिलं ते तुमचंच. महिन्यामागून महिने फेरअर्जावर 'विचाराधीन' एवढंच लिहिलेलं आहे. तुमच्या टेबलावर पट्टा आहे, तेवीस सह्यांचा पंचनामा आहे, आणि या पत्रासोबत लग्नपत्रिका. तिन्हींवर आवकचा शिक्का मारून घेतलाय मी.

पट्टा हातात घ्या. उलटा करा. अठरावं फूल शोधा, त्याच्या कडेला चटणीचं एक तेलकट बोट उमटलंय.

आता वाटण्याचं सोडा, आणि लेखी सांगा: ते बोट कुठल्या मशीनचं आहे?